ओल्या गोणपाटामागची हवा

सुनेने सासूवर सूड उगवल्याच्या गोष्टी घरोघरी ऐकायला मिळतात. ही सासूसाठी उगवलेल्या सुडाची आहे. आणि ही सून सासू जिवंत असताना तिच्याशी रोज कडाकडा भांडत होती, तेही आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, काय माया होती दोघींची!

वस्तीत तिला सगळे पाणीवाली म्हणत. नगरपालिकेच्या एका छोट्या बागेत ती कामाला होती. बाग कसली, तीन रस्ते कापताना मधे उरलेला तिकोनी तुकडा. पाच-सहा मोठी झाडं, बसायला बाक, एक नळ, त्याला जोडलेला लांबलचक हिरवा पाइप आणि मधोमध लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेलं हवा मोजायचं यंत्र. बाग नगरपालिकेची, पिंजरा प्रदूषण खात्याचा. यंत्र दिवसभर घुर्र घुर्र करत हवा आत ओढायचं आणि रस्त्याकडच्या उंच खांबावर लावलेल्या पाटीवर आकडे उमटायचे. आकडे कशाचे ते कुणाच्या बापाला कळत नव्हतं. खाली अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'आजची हवा: समाधानकारक', तेवढं मात्र सगळे वाचायचे.

पाणीवालीचं काम सोपं होतं. सकाळ-दुपार पाणी मारायचं. मुळांना थोडं, पानांना भरपूर आणि पिंजऱ्याच्या भोवती तर जमीन चिकचिकेपर्यंत. "यंत्र तापतं, त्याच्याभोवती सारखं ओलं राहिलं पाहिजे," असं प्रदूषण खात्याच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी येऊन बजावलं होतं. तापत असेल बापडं, म्हणून ती मारायची. कामचुकारपणा तिच्या अंगात नव्हता. त्यामुळे त्या भागात हिरवी म्हणता येतील अशी झाडं फक्त तिच्या बागेत होती. बाकीची सगळी झाडं राखेत लोळून आल्यासारखी उभी असायची.

राख कुठली, दगडाची भुकटी ती. घरांच्या शेवटच्या रांगेमागे खडी फोडायचा कारखाना होता. सगळे त्याला नुसतं क्रशर म्हणत. तो सुरू असला की लांबून दात खाल्ल्याचा आवाज यायचा आणि वारं इकडे वळलं की दोरीवरचे कपडे वाळायच्या आधी मळायचे. पाणी पिताना भांडं आधी झटकायचं, ताट वाढायच्या आधी पदराने पुसायचं, हे तिथल्या बायकांच्या हातांना इतकं सवयीचं झालं होतं की दुसऱ्या गावी पाहुण्या म्हणून गेल्या तरी त्या लोकांची स्वच्छ ताटं पुसायच्या आणि यजमानीण फुरंगटून बसायची.

पाणीवालीच्या सासूला या भुकटीने जेरीस आणलं होतं. तिचा कोपऱ्यावर इस्त्रीचा गाळा होता. लोकांचे पांढरे शर्ट ती कागदासारखे कडक करायची, आणि गिऱ्हाईक न्यायला येईपर्यंत कॉलरवर करडी रेघ बसलेली असायची. मग बोलणी कुणी खायची? तिनेच. पण बोलणी खाऊन गप्प बसणारी ती बाई नव्हे. तिला तोफ म्हणत ते उगाच नाही. क्रशरच्या मालकाला तिने भररस्त्यात गाडी अडवून झापलं होतं. घरात सुनेला तर उठता-बसता. "दिवसभर झाडांना आंघोळ घालतेस आणि घरातली खिडकी पुसायला तुझा हात दुखतो होय गं?" असं ती म्हणायची. सून म्हणायची, "झाडं उलट बोलत नाहीत, आई." आणि पुढचा तासभर शेजाऱ्यांची करमणूक व्हायची. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता. ही नोकरी आपण याच कारणासाठी धरली, असं तो स्वतःच सांगायचा.

मग तोफेला खोकला लागला. सुरुवातीला कोरडा, मग घशाला गाळ चिकटल्यासारखा. शेजारपाजारच्या आणखी चौघांना तोच. तोफेने सगळ्यांना गोळा केलं आणि मोर्चा नेला थेट प्रदूषण खात्याच्या ऑफिसात. पाणीवालीही गेली, सासूचा हात धरून जिने चढवायला कुणीतरी हवंच होतं.

साहेबांनी सगळ्यांना उभं ठेवून ऐकलं. मग समोरची स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"हे बघा आजी. तुमच्या भागाची हवा. वर्षभर समाधानकारक. हे माझं मत नाही, सरकारी आकडा आहे."

"मग माझ्या छातीत वाजतं काय ते? पिपाणी?"

"तुम्ही काम काय करता?"

"इस्त्री."

"विजेची की कोळशाची?"

"कोळशाची."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे दिवसभर कोळशाचा धूर स्वतः गिळायचा आणि खोकला आला की सरकारच्या नावाने बोटं मोडायची! आधी ती इस्त्री बदला. मग या मला हवा शिकवायला."

खोलीतले कारकून हसले. ते हसले म्हणून बरोबर आलेले शेजारीही हसले. आणि दाराशी उभी असलेली पाणीवालीसुद्धा ओठातल्या ओठात हसली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी या बाईचं तोंड बंद केलं होतं, आणि सुनेच्या जातीला एवढं हसू आवरत नाही. त्या हसण्याबद्दल पुढे तिने स्वतःला इतके शिव्याशाप दिले की साहेबांच्या वाट्याला आले ते त्यातलेच उरलेले.

तोफ सुनेचा हात न धरता जिना उतरली. दुसऱ्या दिवशी तिने कोळशाची इस्त्री भंगारात घातली आणि विजेची आणली. धूर गेला. खोकला आहे तिथेच राहिला, उलट वाढला. एके दुपारी ती गाळ्यातल्या स्टुलावर बसली होती. एक शर्ट पुरा करायला तिला आता दोनदा बसावं लागायचं. सून जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा तिने विचारलं, "त्या साहेबाचा आकडा येतो कुठून गं?"

"आमच्या बागेतनं. यंत्र आहे ना तिथं पिंजऱ्यात."

"आणि तू तिथं काय करतेस?"

"पाणी मारते. दुसरं काय?"

"कशावर?"

"झाडांवर, जमिनीवर, पिंजऱ्याच्या चहूबाजूंनी. यंत्र तापतं म्हणाले साहेब."

तोफेने हातातला शर्ट खाली ठेवला. मग तिला हसू फुटलं, हसण्यातून खोकला फुटला आणि तो थांबेपर्यंत डब्यातलं जेवण निवून गेलं. "अगं माझे बाई," ती म्हणाली, "भुकटी खाली बसवल्यावर यंत्राला ती दिसणार कुठून? माझा खोकला तू रोज सकाळ-दुपार धुऊन टाकत होतीस की!"

पाणीवालीला तोंडात मारल्यासारखं झालं. "मला काय ठाऊक, आई."

"तुला नव्हतं ठाऊक. त्याला होतं. ठाऊक असून त्याने मला चारचौघांत खोटं पाडलं." तोफेने डबा बाजूला सारला. "त्या माणसाला एकदा ही हवा खाऊ घाल गं. पोटभर."

तिने सुनेपाशी केलेलं हे शेवटचं मागणं. त्यानंतर ती बरेच दिवस दवाखान्यात होती, पण तिथे घशात नळी होती आणि नळीतून बोलता येत नाही. तोफ गेली तेव्हा नवरा ट्रकवरून धावतपळत आला, रडला, आणि कामावर परत गेला. पाणीवाली रडली नाही. घर तिला खायला उठलं होतं. भांडायला माणूस नसलेल्या घरात राहणं किती कठीण असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

पहिला सूड तिने साधा, सरळ घेतला. नळ बंद केला. दोन दिवसांत पाटीवर 'मध्यम' आलं, मग 'वाईट' आलं, आणि तिच्या मनाला थोडं बरं वाटतंय तोवर स्कूटरवरून यंत्रवाला हजर. हा दर आठवड्याला येऊन यंत्र पुसायचा, तेल-पाणी बघायचा. आज त्याने आल्या आल्या बटण बंद केलं आणि पिंजऱ्यावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी अडकवली.

"बिघडलंय का?" तिने त्याला चहा देत विचारलं.

"छे गं. वाईट आकडा गेला की खुलासा कुणी द्यायचा? मी. म्हणून वारं क्रशरकडून सुटलं की मी बंदच ठेवतो. बंद असलेला दिवस कोण मोजतंय? पण मी थोडंच करतो हं. सांभाळून."

बंद असलेल्या दिवसाचं पुढे काय होतं ते तिला कारकुनाने सांगितलं. प्रदूषण खात्यातला हा आकडे लिहिणारा कारकून अधूनमधून बागेतल्या बाकावर डबा खायला यायचा. "रिकामी जागा वर पाठवली की वरचे अंगावर येतात," तो घास चावत म्हणाला. "म्हणून मी मागचा एखादा चांगला दिवस बघून तोच आकडा तिथे टाकतो, पाटीवरही तोच उमटतो. तेवढंच. त्याने काय बिघडतंय? बाकीचे आकडे खरेच असतात की."

"साहेबांना ठाऊक आहे?"

"साहेबांना सांगून कुणी असं करतं का?"

पाणीवालीला हे सगळं उलगडायला एक अख्खी दुपार लागली. साहेबांना वाटतं, खोटं तेवढं पाण्यापुरतं. यंत्रवाल्याला वाटतं, पाणी झाडांसाठी आहे आणि हात मारणारे आपण एकटेच. कारकुनाला वाटतं, आपण फक्त भोकं बुजवतो. प्रत्येकाने आपापल्या पुरतं चिमूटभर टाकलेलं, आणि एकाची चिमूट दुसऱ्याला माहीत नाही. या लोकांपुढे तिने एकटीने नळ बंद केला काय आणि चालू ठेवला काय. दुसऱ्या दिवशी साहेबांनी नगरपालिकेत तक्रार करून तिला चांगलंच झापायला लावलं, आणि ती खाली मान घालून पुन्हा पाणी मारू लागली. राग तसाच पोटात ठेवला.

साहेबांची निवृत्ती जवळ आली होती. एके सकाळी ते एका दलालाला घेऊन बागेशी आले. रस्त्यापलीकडे, बागेच्या अगदी तोंडासमोर, एक कोपऱ्यावरचं घर विकायला होतं. दुमजली, पुढे ओटा, गच्चीवर मोकळी जागा. पाणीवाली पाइप घेऊन कुंपणाशीच होती. बागकाम करणाऱ्या बाईला कान असतात हे मोठ्या माणसांच्या लक्षात येत नाही.

"भाव कमी आहे, कारण लोक धूळ धूळ करतात," दलाल खरं बोलून गेला.

साहेब हसले. "लोकांना काय, ओरडायला विषय हवा. हे बघा, पाटी समाधानकारक म्हणते. आता आपल्या दोघांत सांगतो, ती पाटी शंभर टक्के खरी नाही. पाणी मारायला मीच लावलंय. पाण्याने आकडा साधारण पाचव्या हिश्शाने खाली येतो, मी स्वतः ताडून पाहिलंय. म्हणजे बाकीच्यांना काय फसायचं ते फसू देत, आपण पाचवा हिस्सा वाढवून वाचायचा. तसं वाचलं तरी हवा ठीकच आहे. आणि झाडं बघा ना समोरची! धूळ असती तर पानं अशी चकाकली असती?"

ती पानं पाणीवालीने तासाभरापूर्वीच धुतली होती.

साहेब कुंपणाकडे वळले. "काय गं, बरी आहे ना इथली हवा?"

एका शब्दाने तिला त्यांना या घरापासून परतवता आलं असतं. तोफ डोळ्यांसमोर उभी राहिली, स्टुलावर बसून श्वास शोधणारी. पाणीवाली म्हणाली, "पाटीवर लिहिलंय ना, साहेब." आणि हे बोलताना तिला जिभेवर खडीसाखर ठेवल्यासारखं वाटलं.

त्या दिवसापासून तिने पाण्याचं काम असं काही अंगावर घेतलं की यंत्राला सुद्धा दम लागावा. गोणपाटं आणून पिंजऱ्याच्या जाळीला चारही बाजूंनी बांधली आणि ती सतत ओली ठेवली. रस्त्याचा तेवढा तुकडाही भिजवला. पाटी 'समाधानकारक'वरून 'चांगली'वर गेली. साहेबांनी खूष होऊन तिच्या कामाची नगरपालिकेत तारीफ केली. मग त्यांनी पाचवा हिस्सा वाढवला, घर घेतलं, निरोपसमारंभात हार घालून घेतला आणि महिन्याभरात सामान घेऊन राहायला आले.

पाणीवाली झाडामागे उभी राहून ट्रकमधून उतरणारी एकेक वस्तू बघत होती. कपाटं, पुस्तकांची खोकी, एक झोपाळ्याची खुर्ची. या आता, या. इतका आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. शेवटी गाडीतून एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई उतरली आणि उतरल्या उतरल्या मजुरांवर खेकसली. ती साहेबीणबाई.

साहेबीणबाईंचा हिशेब पाणीवालीने केलाच नव्हता. साहेबांना बायको असेल हे तिला माहीत होतं, जसं त्यांना घड्याळ आणि चष्मा असेल हे माहीत होतं, तितपतच. दुसऱ्याच दिवशी कुंपणावरून आवाज आला, "अगं ए! नुसती पानं पुसत बसतेस की मुळाला पण काही घालतेस? त्या कोपऱ्यातलं झाड तहानलंय बघ!" पाणीवालीला थेट तोफच आठवली. हा आवाज, ही उभं राहायची रीत, कंबरेवरचा हात. तिने नकळत उलट उत्तर दिलं, "ते तुमच्याकडे तक्रार घेऊन आलं की पाजेन त्याला." साहेबीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि त्या हसल्या. त्यानंतर दोघींचं रोज एक भांडण व्हायचं. पाणीवालीला त्याची इतकी सवय झाली की एखाद्या दिवशी कुंपण गप्प असलं तर दुपार सरता सरत नसे.

साहेबांना काही होत नव्हतं. ठणठणीत माणूस. दारं-खिडक्या लावून आत पंख्याखाली वाचत बसायचे. ओटा झाडणं, गच्चीवर वाळवण घालणं, दिवसातून चार वेळा खिडक्यांचे कठडे पुसणं, हे सगळं साहेबीणबाईंचं. खोकला त्यांना लागला. पहिल्यांदा तो आवाज कुंपणापलीकडून आला, तेव्हा पाणीवालीने पाइप खाली ठेवला आणि कान दिला. कोरडा होता. तिला वाटलं होतं हा आवाज ऐकून आपल्याला गार वाटेल. गार वाटलंही, खोटं कशाला बोला. पण क्षणभरच, आणि मग तो आवाज बुडावा म्हणून तिने नळ मोठा सोडला.

थंडीच्या शेवटाला तो खोकला ओला झाला. साहेबीणबाईंनी बडबड कमी केली, कारण एका वाक्याला दोन श्वास लागायला लागले. एक दिवस ओट्यावरून नवरा-बायकोचं बोलणं चक्क बागेत ऐकू आलं.

"मी सांगते, इथली हवा वाईट आहे. कठड्यावर बोटाने नाव लिहिता येतं."

"अगं, तू दिवसातून चार वेळा झाडतेस. तीच धूळ उडते आणि तुझ्याच छातीत जाते. आकडा चांगला आहे इथला. त्यातलं आतलं-बाहेरचं मला ठाऊक आहे, मी त्याच खात्यात उभी हयात घालवली."

पाणीवालीच्या डोक्यात तिडीक गेली. दया नव्हे ती, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. दयेने माणसाचे कान तापत नाहीत. आपण याला इथे आणून बसवला, ओल्या गोणपाटाने खड्ड्यात ढकलला, आणि हा त्या खड्ड्यातही आरामखुर्ची टाकून बसलाय! भोगतंय कोण, तर तीच, झाडू मारणारी. हा अजून बरोबरच. अजून त्याच थाटात कुणाला तरी खोटं पाडतोय. असला सूड तिला नको होता. तिला तो मनुष्य खाली पडलेला बघायचा होता.

साहेब दवाखान्यातून औषधं आणायला बाहेर पडले, तेव्हा ती रस्ता ओलांडून ओट्यावर गेली. साहेबीणबाई पायरीवर बसल्या होत्या, एका हाताने कठडा धरून. डॉक्टरांनी सांगितलं होतं की छातीचं गेलं ते आता पुरं परत यायचं नाही.

पाणीवालीने सगळं सांगितलं. सासूचा खोकला, ऑफिसातलं हसणं, नळ, यंत्रवाला, कारकून, पाचवा हिस्सा, गोणपाटं. काही लपवलं नाही, स्वतःच्या सोयीचं काही घातलं नाही.

साहेबीणबाईंनी बागेकडे बघितलं. "यांना माहीत होतं?"

"त्यांना त्यांचं पाणी माहीत होतं. बाकीच्यांचं नव्हतं. माझं तर नव्हतंच."

"आणि मी मरेपर्यंत तू पाणी मारणार होतीस?"

"मला ते हवे होते, बाईसाहेब. तुम्ही डोक्यातच नव्हता."

"मी काय त्यांच्या सामानाबरोबर येत नाही होय गं?" साहेबीणबाईंना खोकल्याची उबळ आली. ती सरल्यावर त्या म्हणाल्या, "तुला मी माफ करायची नाही. जन्मात नाही."

"मी मागितलीच नाही."

"पण त्यांना तर तुझ्याही आधी माफ करायची नाही." त्यांनी तिचा दंड धरून उठायला आधार घेतला. "बहिणीकडे जाते. बॅग भरायला चल. आणि वरच्या कपाटातलं तू काढ, माझा हात पोचत नाही."

दोघींनी बॅग भरली. साहेबीणबाईंनी नवऱ्याचं एकही काम मागे उरकून ठेवलं नाही. ताटं धुवायची राहिली, कठडे पुसायचे राहिले. साहेब औषधांची पिशवी घेऊन आले तेव्हा त्या गाडीत बसल्या होत्या. "कुठे? का? झालं काय?" साहेबांनी विचारलं. "पाणीवालीला विचारा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि गाडी निघाली.

साहेबांनी लगेच विचारलं नाही. असल्या माणसांना बागेतल्या बाईला काही विचारणं जड जातं. चार-सहा दिवस ते घरात होते. ओट्यावर भुकटीचा थर चढला, झाडायला कुणी नव्हतं. फोनवरून बायकोने त्यांना काय सांगायचं ते सांगितलं असणार. एके संध्याकाळी पाणीवाली बाग बंद करायच्या तयारीत असताना ते सपाता घालून फाटकाशी आले. दाढी वाढलेली होती. तिने त्यांना आत या म्हटलं नाही.

"तू हे मुद्दाम केलंस," ते म्हणाले.

"हो."

त्यांना बहुतेक 'नाही' ऐकायची सवय होती.  मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "हे बघ. झालं ते झालं. मी घर विकतोय. तेवढं गिऱ्हाईक मिळेपर्यंत पाणी चालू ठेव. मी तुला वाऱ्यावर सोडणार नाही."

"पाणी कधीच बंद केलं, साहेब. बाईसाहेब गेल्या त्याच दिवशी. मुळांना घालते तेवढंच."

साहेबांनी पिंजऱ्याकडे बघितलं. गोणपाटं नव्हती. जमीन कोरडी ठणठणीत, यंत्र बंद, त्याच्या टोपीवरही भुकटी. मग त्यांनी मान वर करून पाटी बघितली. 'आजची हवा: समाधानकारक.'

"मग हे कसं?"

"तुमचीच माणसं," ती म्हणाली, आणि यंत्रवाल्याचं आणि कारकुनाचं सांगितलं. सावकाश सांगितलं. इतके दिवस वाट पाहिल्यावर घाई कसली.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ते बोटांवर काहीतरी मोजायला लागले. पाण्याचा पाचवा हिस्सा. मग यंत्र बंद असलेले दिवस, पण ते किती? मग कारकुनाने भरलेले आकडे, पण ते कुठल्या दिवसांचे? ज्या आकड्यांवरून त्यांनी पाचवा हिस्सा ताडला होता, ते तरी कुणी भरलेले? बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. याच आकड्यांवर त्यांनी शेकडो माणसांना परत पाठवलं होतं. त्यांच्याखाली सही केली होती. आणि शेवटी स्वतः त्यांच्यावर विसंबून घर घेतलं होतं.

"खरा आकडा किती?" त्यांनी विचारलं. ऑफिसात कुणी विचारला असता तर त्यांनी हाकलून दिलं असतं असा तो प्रश्न होता.

"मला काय ठाऊक? मी पाणीवाली. साहेब तुम्ही होता."

"तू खरंच पाणी बंद केलंयस?"

"केलंय."

"का मला फसवतेस?"

"नाही फसवत."

तिने खरं सांगितलं होतं, आणि त्यांना ते खरं वाटलं नाही. ते तिच्या तोंडाकडे बघत होते, मग पाटीकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि यातलं काय धरावं हे त्यांना कळत नव्हतं. पाणीवालीला आतून आतून शांत वाटलं. तोफ असती तर आज सुनेच्या हातचा चहा तिने नावं न ठेवता प्यायला असता. साहेबीणबाईंची छाती आठवली आणि त्या शांततेला एक बाजू दुखरी राहिली, पण तिने तिकडे पाठ केली. ते नंतरचं, तिचं एकटीचं.

शेवटी साहेबांनी कुठलाही आकडा नसलेल्या माणसाने जे करायचं तेच केलं. क्रशरकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि छाती भरून एक मोठा श्वास घेतला.

त्यांना ठसका लागला. ते फाटक धरून वाकले आणि खोकत राहिले, पुन्हा पुन्हा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तो खोकला पाणीवालीने शेवटपर्यंत ऐकला, आणि मगच फाटकाला कुलूप लावलं.